आत्ताच बसवलं ना, मग लगेच अपडेट कसलं मागतंय?

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार. सदाशिव पेठेतली माझी जुनी शाळा, कॉम्प्युटर लॅबमध्ये बारा मशीन, कुठल्यातरी ऑफिसने टाकून दिलेली (देणगी म्हणायचं त्याला), आणि त्यांच्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून देतो असं मी बाईंना कबूल करून बसलेलो. लॅबचं नेट बंद होतं, बिल भरायचं राहिलं की राउटर गेला यावर बाई आणि शिपाईमामांचं एकमत होत नव्हतं, म्हणून नेटशिवाय बसवता येईल अशी डेबियन १२ ची (डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार) डीव्हीडीवाली मोठी आयएसओ मी पेनड्राइव्हवर घेऊन गेलो होतो. आयएसओ म्हणजे अख्खी सिस्टीम आणि ती बसवणारा प्रोग्राम, दोन्ही एकाच फाइलमध्ये गोठवलेलं. माझ्या ड्रॉवरमधला तो पेनड्राइव्ह जून २०२३ मध्ये बनवलेला, म्हणजे डेबियन १२ आलं त्याच आठवड्यातला, आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं कारण सिस्टीम तीच आहे ना, बारा म्हणजे बारा.

पंचवीस-तीस मिनिटांत एकेक मशीन तयार. मग फोनचा हॉटस्पॉट लावला तर पहिल्याच मशीनने तीनशेच्या वर पॅकेजेसची, म्हणजे प्रोग्रामच्या गठ्ठ्यांची, यादी समोर टाकली. बाई मागे उभ्या. म्हणाल्या, "अरे, आत्ताच तर टाकलंस ना नवीन, मग लगेच अपडेट कसलं मागतंय?"

मी म्हटलं, "अहो बाई, सिस्टीम नवीनच आहे, पेनड्राइव्ह जुना आहे."

"म्हणजे तू मला शिळं आणलंस."

प्रत्येक मशीन सहाशे-सातशे एमबी ओढत होतं, तेच तेच अपडेट बारा वेळा, आणि माझ्या रिचार्जमध्ये दिवसाला दोन जीबी. चौथ्या मशीनच्या मध्यावर डेटा संपला. तेव्हा शिळं हा शब्द अगदी बरोबर होता.

बाई मराठी शिकवायच्या, त्यामुळे त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड पुस्तक घेतलं की कधीकधी आत एक पिवळा पडलेला कागद मिळतो, शुद्धिपत्र. पान ४३, ओळ ७, अमुकऐवजी तमुक वाचावे. पुस्तक छापून झाल्यावर सापडलेल्या चुका. आता समजा हे शुद्धिपत्र दर आठवड्याला वाढतंय, आणि पुस्तक विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ते घरी जाऊन पहिल्या दिवशी पेनाने आख्खं पुस्तकात उतरवून घ्यायचंय. पहिल्या महिन्यात पाच ओळी असतील तर हरकत नाही. सव्वा वर्षाने चाळीस पानांचं शुद्धिपत्र झालं की गिऱ्हाईक म्हणणार, अहो, दुरुस्त करून परत छापा की. आणि प्रकाशक तेच करतो, त्याला तो नवी आवृत्ती म्हणत नाही, पुनर्मुद्रण म्हणतो. मजकूर तोच, चुका काढलेल्या.

डेबियनचं नेमकं हेच चालतं. नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी, ११ आलं ऑगस्ट २०२१ मध्ये, १२ जून २०२३ मध्ये, १३ ऑगस्ट २०२५ मध्ये. आणि मधे साधारण दर दोन महिन्यांनी पुनर्मुद्रण, ज्याला १२.१, १२.२ असे आकडे देतात. ज्याच्याकडे आधीच डेबियन १२ चालू आहे आणि जो नियमित अपडेट घेतो त्याला १२.७ ची आयएसओ उतरवायची काही गरज नसते, तो आपोआप १२.७ वरच असतो. हे लोकांच्या डोक्यात बसत नाही. मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतं, नवीन आयएसओ आलीये, फॉरमॅट मारू का? नको रे बाबा. ती तुझ्यासाठी नाहीये. जो आज पहिल्यांदा आत येतोय त्याच्यासाठी आहे.

म्हणून आयएसओ किती दिवसांनी काढायची हा प्रश्न जुन्या युजरला विचारून उपयोगच नाही, तो म्हणणार वर्षातून एकदा काढा नाहीतर काढूच नका, मला काय फरक पडतो. शाळेत त्या दिवशी फरक मला पडला, कारण मी घेऊन गेलो होतो १२.० आणि बाहेर चालू होतं १२.७. दोष डेबियनचा नव्हता, माझ्या आळसाचा होता. पण समजा डेबियनने मधल्या काळात पुनर्मुद्रण केलंच नसतं तर प्रत्येक नव्या माणसाचा पहिला दिवस माझ्या त्या शनिवारसारखा गेला असता.

आता डेटा संपणं ही सगळ्यात सौम्य तक्रार झाली. नवा लॅपटॉप घेतलेल्या माणसाचं काय होतं ते बघा. लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा गाभा, नऊ-दहा आठवड्यांनी नवा येतो, आणि नव्या वायफाय कार्डचा, नव्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्या नव्या कर्नलमध्ये असतो. तुमच्या आयएसओतला कर्नल लॅपटॉपच्या आधी जन्मलेला असेल तर त्याला ते वायफाय कार्ड ओळखूच येत नाही. मग वायफाय चालवायला अपडेट पाहिजे आणि अपडेट आणायला वायफाय पाहिजे. माझ्या मावसभावाच्या लॅपटॉपवर हे झालं, तो कोथरूडहून रात्री साडेदहाला फोन करून विचारतोय की दादा आता काय करू, शेवटी फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं, म्हणजे टेदरिंग, आणि सुटलो. ही युक्ती लक्षात ठेवा, वायफाय नसलं तरी ती बहुतेक वेळा चालते.

इथे नुसतं पुनर्मुद्रण पुरत नाही हे मात्र खरं, कारण डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे तो १२.१ पासून शेवटपर्यंत ६.१ च राहतो, भोकं तेवढी बुजवतात. उबुंटूने, म्हणजे डेबियनवरच उभ्या असलेल्या दुसऱ्या लिनक्सने, यावर वेगळा मार्ग काढलाय. त्यांची दोन वर्षांनी येणारी जी एलटीएस, म्हणजे वर्षानुवर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती असते, तिच्या दुसऱ्या पुनर्मुद्रणापासून नवा कर्नल घालून देतात. २४.०४ (त्यांचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना) आली तेव्हा कर्नल ६.८ होता, फेब्रुवारी २०२५ च्या २४.०४.२ मध्ये ६.११ आला. म्हणजे पुस्तक तेच, एक प्रकरण मात्र नव्याने लिहिलेलं. शुद्धतावाद्यांना हे आवडत नाही. मला आवडतं, कारण मावसभावाचा फोन मला येतो, शुद्धतावाद्यांना येत नाही.

आणि आता खरा गंभीर मुद्दा. एरवी आयएसओ जुनी असली तरी आपण म्हणतो ठीक आहे, बसवू आणि लगेच अपडेट मारू, भोकं बुजतील. पण भोक अपडेट आणणाऱ्या प्रोग्राममध्येच असेल तर? जानेवारी २०१९ मध्ये हेच झालं. डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेजेस आणायचं काम ॲप्ट करतो, त्यात असा बग सापडला की मधल्या नेटवर्कवर बसलेला कोणी बदमाश ॲप्टला फसवून तुमच्या मशीनवर हवं ते चालवू शकेल, तेही रूट म्हणून, म्हणजे मालकाच्या अधिकारात. बुजवायचा उपाय? ॲप्ट अपडेट करा. कशाने? ॲप्टनेच. कुलूप बदलायला ज्याला बोलावलं त्याच्याच वेषात चोर येऊ शकतो, असला प्रकार. बग जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जानेवारीला, डेबियनने ९.७ काढलं, मुख्यतः या एका दुरुस्तीसाठी. उबुंटूच्या १४.०४ आणि १६.०४ या एलटीएसच्या ठरलेल्या पाच फेऱ्या केव्हाच संपल्या होत्या, तरी दोघांची सहावी आयएसओ फेब्रुवारी-मार्चमध्ये काढली, वेळापत्रकात नसताना. हे बरोबरच केलं. दाराचंच कुलूप मोडलं असेल तर पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघत नाहीत.

ऑगस्ट २०२४ ची गोष्ट तर अनेकांनी स्वतः भोगली असेल. विंडोजचं एक अपडेट आलं आणि त्यानंतर काही मशीनवर जुने लिनक्सचे पेनड्राइव्ह बूटच होईनात, स्क्रीनवर एसबॅट तपासणी फेल झाल्याची ओळ आणि मशीन बंद. सिक्युअर बूट चालू असेल तर मशीन बूट करणाऱ्या प्रोग्रामची ओळखपत्रं तपासतं, आणि जुन्या, भोकं असलेल्या बूटलोडरना आता आत घ्यायचं नाही अशी यादी त्या अपडेटने मशीनमध्ये टाकली होती. काल चालत होता तो पेनड्राइव्ह आज चालेना, त्यात एक बाइटसुद्धा बदललेला नसताना. म्हणजे आयएसओ कपाटात ठेवली तरी खराब होते, कारण बाहेरचं जग हलतं.

मग काढा की रोज, मशीनच तर बनवतं, माणसाला काय त्रास?

फाइल बनवणं खरंच सोपं आहे. ओपनसुसे टंबलवीड नावाच्या लिनक्सची नवी आयएसओ जवळजवळ रोज निघते. पण ती निघण्याआधी ओपनक्यूए नावाचा रोबो बसवून बघतो, म्हणजे अक्षरशः स्क्रीन बघून बटणं दाबतो, पासवर्ड टाकतो, डिस्कचे भाग पाडतो, आणि कुठे अडला तर ती आयएसओ बाहेर जात नाही. हा रोबो उभा करायला आणि सांभाळायला वर्षानुवर्षं लागतात. तो नसेल तर हे सगळं माणसांनी करायचं: जुना बायॉस, नवा यूईएफआय (दोन्ही मशीन चालू होताना पहिले जागे होणारे प्रोग्राम), एन्क्रिप्ट केलेली डिस्क, विंडोजच्या शेजारी बसवणं, नेट असताना, नेट नसताना, मराठी निवडून, वेगवेगळ्या प्रोसेसरवर. डेबियनच्या पुनर्मुद्रणाच्या शनिवारी ठिकठिकाणचे स्वयंसेवक दिवसभर हेच करत बसलेले असतात. मी एकदा घरच्या घरी सगळी कॉम्बिनेशन्स करून बघायची म्हणून बसलो, सहाव्याला कंटाळलो आणि कांदापोहे करायला उठलो.

आणि न तपासता घाई केली की काय होतं याची उदाहरणंही आहेत, खरं तर तपासूनही होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेली उबुंटू १७.१० ची आयएसओ डिसेंबरमध्ये डाउनलोड पानावरून काढून घ्यावी लागली, कारण कर्नलमधल्या एका ड्रायव्हरमुळे काही लॅपटॉपच्या बायॉसची सेटिंग्ज सेव्हच होईनात. दुरुस्त आयएसओ जानेवारी २०१८ मध्ये आली. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ निघता निघता कळलं की त्यातल्या कर्नलमध्ये ईएक्सटी४ वरचा (डिस्कवर फाइली मांडायची लिनक्सची पद्धत) डेटा खराब करू शकणारा बग आहे. १२.३ च्या आयएसओ थांबवल्या आणि दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, सरळ १२.४ काढलं. म्हणून डेबियन १२ च्या आकड्यांत मधे एक पायरी गाळलेली दिसते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट मला त्या गाळलेल्या आकड्याबद्दल आदर वाटतो.

ताजं म्हणजे सुरक्षित असंही नसतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्याशा कॉम्प्रेशनच्या प्रोग्राममध्ये कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घालून ठेवलेला सापडला, ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये. आर्च लिनक्सची आयएसओ दर महिन्याच्या एक तारखेला निघते, त्यांच्या १ मार्चच्या आयएसओत ते खराब एक्सझेड होतं (आर्चमध्ये ते एसएसएचला, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायच्या प्रोग्रामला, जोडलेलं नव्हतं म्हणून वाचले). डेबियन स्टेबलमध्ये, म्हणजे पक्क्या आवृत्तीत, ते पोचलंच नव्हतं, कारण तिथे सगळंच उशिरा पोचतं. उबुंटूने २४.०४ चा बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, आठवडाभर पुढे ढकलला आणि सगळं परत बांधलं. तेव्हा आठवडाभर माझ्यासारखे डेबियनवाले फार शहाण्यासारखं हसत होते, आमच्या आळसाला एकदाचं फळ आलं होतं.

तरीही आर्चला महिन्याला काढावीच लागते. त्यांच्याकडे आवृत्ती हा प्रकारच नाही, पुस्तक सतत लिहिलं जातंय, त्याला रोलिंग म्हणतात. त्यात पॅकेजवर सही असते आणि सही तपासायच्या किल्ल्या आयएसओत असतात. फार जुनी आयएसओ घेतली तर नव्या माणसांच्या सह्या तिला ओळखूच येत नाहीत, आणि बसवताना मधेच ही सही अनोळखी आहे म्हणून अडून बसते. आधी किल्ल्यांचं पॅकेज अपडेट करा, मग पुढे जा. नव्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही, तो म्हणतो लिनक्स बंडल आहे आणि निघून जातो.

तारखेने काढायची की तयार झाल्यावर काढायची, हा वाद वेगळाच. पुण्याहून सव्वासातची डेक्कन क्वीन सुटते ती तुम्ही चढलात की नाही हे बघून सुटत नाही. उबुंटू २००४ पासून तशी चालते, एप्रिल आणि ऑक्टोबर, तुमचं फीचर तयार नसेल तर पुढच्या गाडीने या. एकदाच मोठा उशीर केला, २००६ मध्ये ६.०४ ची ६.०६ झाली. याउलट कात्रजला साताऱ्याकडे तोंड करून उभं असलेलं वडाप, माणसं भरली की सुटणार, कधी भरणार ते ड्रायव्हरलाही माहीत नाही. डेबियन पूर्वी वडाप होतं, जुलै २००२ ची आवृत्ती आणि त्यापुढची जून २००५ ची, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं लोक टपावर बसून. नंतर त्यांनी मधला मार्ग धरला, गोठवायची, म्हणजे नवं काही घेणं बंद करायची, तारीख आधी सांगायची आणि सुटायची वेळ मात्र मोठे बग संपल्यावर. हे मला पटतं. मोठ्या आवृत्तीला थोडं वडाप चालेल, पण पुनर्मुद्रण डेक्कन क्वीनसारखंच पाहिजे. त्यात नवीन काही नसतंच, मग कशाची वाट बघायची?

छोट्या प्रोजेक्टची मात्र दया येते. हायकू घ्या, लिनक्सहून वेगळी एक फुकट सिस्टीम, मूठभर लोक, पहिला बीटा सप्टेंबर २०१८, दुसरा जून २०२०, तिसरा जुलै २०२१, चौथा डिसेंबर २०२२, पाचवा सप्टेंबर २०२४. रिॲक्टओएसचं (विंडोजचे प्रोग्राम चालवू पाहणारी फुकट सिस्टीम) ०.४.१४ आलं डिसेंबर २०२१ मध्ये आणि ०.४.१५ मार्च २०२५ मध्ये. मधल्या सव्वातीन वर्षांत काम थांबलं नव्हतं, रोज कोड जात होता, रोजच्या रोज बनणाऱ्या आयएसओ मिळत होत्या, पण बाहेरचा माणूस रोजची आयएसओ घेत नाही, तो मोठ्या अक्षरातली तारीख बघतो, २०२१ दिसलं की म्हणतो प्रोजेक्ट बंद पडला वाटतं. दुकान चालू आहे पण पाटीवरचा दिवा गेलाय. अशांनी वर्षातून एकदा तरी, नवीन काही नसलं तरी, दुरुस्त्या घालून एक आकडा वाढवावा असं माझं मत आहे. कंटाळवाणं काम आहे, फुकट काम करणाऱ्याला ते करावंसं वाटत नाही हेही कळतं.

बाकीच्यांसाठी मी एक घरगुती माप लावतो. सिस्टीम बसवायला जितका वेळ लागला त्यापेक्षा पहिल्या अपडेटला जास्त वेळ लागायला लागला की आयएसओ शिळी झाली. साध्या नेटवर, पुण्यातल्या फायबरवर नाही, फोनच्या हॉटस्पॉटवर मोजायचं. डेबियनसारख्या सिस्टीमला हे माप मला दोन-तीन महिन्यांना लागू पडताना दिसतं, सहा महिने म्हणजे उशीर. रोलिंगला महिना. आणि बूटलोडर, पॅकेज आणणारा, किल्ल्या, इन्स्टॉलर यातलं काही मोडलं तर तारीख न बघता. ज्यांच्याकडे चांगलं नेट आहे त्यांनी नेटइन्स्टवाली छोटी आयएसओ घ्यावी, काही शे एमबीची, ती बहुतेक पॅकेजेस बसवतानाच ताजी ओढते, त्यामुळे ती थोडी जुनी असली तरी चालून जातं. पण आपल्याकडे अजून लॅबला नेट नसतं, गावाला नेट नसतं, आणि अशा ठिकाणीच नेमकी मोठी, ताजी आयएसओ लागते. मी कॉलेजला असताना उबुंटूवाले सीडी घरपोच पाठवायचे, फुकट, परदेशातून, २०११ पर्यंत चालू होतं ते. पोस्टमनने सही घेऊन पाकीट दिलं तेव्हा आईला वाटलं मी काहीतरी विकत घेतलंय. ती सीडी यायलाच काही आठवडे लागायचे, म्हणजे हातात पडेपर्यंत शिळी, पण अपडेट ओढायला घरी नेटच नव्हतं त्यामुळे शिळी आहे हे कळायचंच नाही.

तर शाळेत. दुसऱ्या शनिवारी मी १२.७ चा पेनड्राइव्ह घेऊन गेलो आणि उरलेली मशीन उरकली, प्रत्येकाला अपडेट आले ते चहा येईपर्यंत संपले. बाईंनी तो पेनड्राइव्ह ठेवून घेतला, लॅबच्या कपाटात लागेल म्हणून. ड्रॉवरमधून पांढरी चिकटपट्टी काढली, पेनड्राइव्हला गुंडाळली, त्यावर त्या दिवसाची तारीख लिहिली त्यांच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात, आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "आणि कधीपर्यंत चालेल? एक्सपायरी काय लिहू?"

मी म्हटलं, "दोन महिने लिहा. फार तर तीन."

पेन ठेवलं आणि पेन्सिल घेतली. म्हणाल्या, "हे खोडता येईल असंच लिहिते, तुम्हा लोकांचा काही नेम नाही."